क्लच कोणासाठी निवडायचा : रोज चालणाऱ्या ताकदवान गाडीचे एक प्रकरण

या प्रकरणातली गाडी दोन लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची, पुढची चाके फिरवणारी आणि सहा गिअरची मॅन्युअल आहे. माणसांसह तिचे वजन सुमारे १,५०० किलो भरते. कारखान्यातून निघताना तिचा कमाल टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, ३६० न्यूटन-मीटर होता. मालकांनी ईसीयू (इंजिनावर नियंत्रण ठेवणारा संगणक) रीमॅप करून, म्हणजे त्यातल्या आज्ञा बदलून घेतल्यावर तो ४६० वर गेला, आणि त्यानंतर दोन महिन्यांनी ते क्लचची तक्रार घेऊन माझ्याकडे आले. चौथ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला की इंजिनाचा आवाज एकदम चढतो, पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही, असे त्यांचे म्हणणे होते. गाडी आठवड्यातले सहा दिवस कामावर जाण्यायेण्यासाठी वापरली जाते. त्यांपैकी तीन दिवस ती मालकांच्या पत्नी चालवतात, ही गोष्ट मात्र पहिल्या भेटीत बोलण्यात आली नव्हती.

क्लच घसरतो आहे हे वर्णनावरूनच कळत होते, तरी तो का घसरतो याची खात्री केल्याशिवाय नवा क्लच सुचवणे मला योग्य वाटत नाही. क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून तेल पाझरून प्लेटवर आले असेल, किंवा पॅडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे न येता हायड्रॉलिकमध्ये थोडा दाब अडकून राहत असेल, तर कितीही दमदार क्लच बसवला तरी तो काही महिन्यांत पुन्हा घसरू लागतो. म्हणून पॅडलची मोकळी चाल तपासली, बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या आवरणाच्या, खालच्या छिद्रातून तेलाचा माग दिसतो का ते पाहिले, आणि मग ईसीयूला लॅपटॉप जोडून रस्त्यावर नोंदी घेतल्या. या गाडीच्या चौथ्या गिअरचे एकूण गुणोत्तर आणि टायरचा घेर यांचा हिशेब केला तर ताशी ९० किलोमीटर वेगाला इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर असायला हवे. हळूहळू वेग वाढवताना नोंदी या हिशेबाशी तंतोतंत जुळत होत्या, मात्र पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर त्याच वेगाला ३,४०० फेऱ्या दिसत होत्या. हा ४०० फेऱ्यांचा फरक म्हणजे क्लचची प्लेट आणि फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारी जड चकती) यांच्यातली घसरण होती.

ही घसरण चौथ्या-पाचव्या गिअरमध्येच का जाणवते, असे मालकांनी विचारले. खालच्या गिअरमध्ये गाडी झपाट्याने वेग घेते आणि इंजिन कमाल टॉर्कच्या पट्ट्यातून क्षणात पुढे निघून जाते, त्यामुळे थोडीशी घसरण झाली तरी लक्षात येत नाही. वरच्या गिअरमध्ये टर्बोला पूर्ण दाब बांधायला वेळ मिळतो, गाडीचे वजन इंजिनाला जड वाटते, आणि कमाल टॉर्क कित्येक सेकंद क्लचवर टिकून राहतो. क्लचची खरी परीक्षा तिथेच होते.

क्लच किती टॉर्क पेलू शकतो हे चार गोष्टींच्या गुणाकारातून निघते: घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या, घर्षणाचा गुणांक, प्रेशर प्लेटचा (क्लचची प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागाचा) दाब आणि लायनिंगची (प्लेटवरच्या घासणाऱ्या थराची) सरासरी त्रिज्या. या गाडीत एकच प्लेट असल्यामुळे पृष्ठभाग दोन, साध्या ऑरगॅनिक लायनिंगचा गुणांक सुमारे ०.३, प्रेशर प्लेटचा दाब ७,२०० न्यूटन आणि लायनिंगचा बाहेरचा व्यास २४० व आतला १६० मिलिमीटर, म्हणून सरासरी त्रिज्या १०० मिलिमीटर. गुणाकार ४३२ न्यूटन-मीटर येतो. म्हणजे कारखान्याने ३६० च्या इंजिनासाठी सुमारे वीस टक्के शिल्लक ठेवून क्लच दिला होता, आणि ते रास्तच होते. मात्र लायनिंग तापले की गुणांक घसरतो. तो ०.२७ वर आला तर क्षमता ३८९ उरते, जी मूळ इंजिनाला पुरते पण ४६० च्या पुढे टिकत नाही. रीमॅपनंतर पहिले काही दिवस गाडी ठीक चालली आणि मग बिघडत गेली, त्याचे कारण या आकड्यांमध्ये आहे. थंड क्लचवर घसरण किंचित होत असे, त्या घसरणीने तो तापत असे, आणि तापल्यावर अधिक घसरत असे.

ही उष्णता किती, हे समजून घेण्यासारखे आहे. ३८९ न्यूटन-मीटर टॉर्क आणि ४०० फेऱ्यांची घसरण यांचा हिशेब केला तर क्लचमध्ये सुमारे १६ किलोवॉट उष्णता निर्माण होते. पाणी उकळायच्या आठ विजेच्या किटल्या एकाच वेळी त्या बंद डब्यात चालू असाव्यात, इतकी ती आहे. अशी घसरण तीन सेकंद टिकली तर जवळपास ४८ किलोज्यूल ऊर्जा लायनिंग, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटमध्ये उतरते. सपाट रस्त्यावर शांतपणे गाडी उचलताना, ताशी १० किलोमीटरला क्लच पूर्ण धरला जात असेल, तर याच गाडीत सुमारे ५.८ किलोज्यूल खर्च होतात. तीन सेकंदांची एक घसरण म्हणजे अशा आठ सुरुवाती झाल्या. पण याच हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. क्लच ताशी १० ऐवजी २० किलोमीटरला धरला गेला तर सुरुवातीची ऊर्जा दुप्पट न होता चौपट होते, म्हणजे २३ किलोज्यूल. गर्दीत अर्धा क्लच धरून गाडी रेंगाळवण्याची सवय ताकदवान इंजिनाइतकीच क्लचच्या मुळावर येते, आणि म्हणूनच क्लच निवडताना गाडी कोण, कुठे आणि कशी चालवते हे मी टॉर्कच्या बरोबरीने विचारतो.

मालकांनी एका क्लचची निवड आधीच करून ठेवली होती. त्याची क्षमता ४१० न्यूटन-मीटर लिहिलेली होती, आणि रीमॅप करणाऱ्याने दिलेल्या कागदावर ३९१ हा आकडा होता, म्हणून तो पुरेसा आहे असे त्यांना वाटत होते. ३९१ हा गाडीची चाके रोलरवर फिरवून, चाकांपाशी मोजलेला आकडा होता. गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट आणि टायर यांत सुमारे पंधरा टक्के खर्ची पडतात असे धरले तर फ्लायव्हीलपाशी ४६० येतात, आणि क्लचची लिहिलेली क्षमता नेहमी फ्लायव्हीलशीच ताडून पाहावी लागते. शिवाय या बाजारात क्लच किती ताकदवान हे सांगायला लावल्या जाणाऱ्या ‘स्टेज’ना सर्वमान्य अशी कोणतीही मोजपट्टी नाही. एकाचा स्टेज दोन हा दुसऱ्याचा स्टेज तीन असू शकतो. दाब किती न्यूटन, लायनिंग कशाचे आणि व्यास किती, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली तरच तुलना करता येते.

वीस टक्के शिल्लक ठेवायची तर ४६० साठी ५५२ ची क्षमता हवी होती. तिथे पोहोचण्याचे तीन रस्ते मी त्यांच्यापुढे ठेवले. पहिला रस्ता म्हणजे लायनिंग ऑरगॅनिकच ठेवून दाब तीस टक्क्यांनी वाढवणे. ९,३६० न्यूटनला क्षमता ५६२ होते, आणि तापल्यावरही ५०५ उरते. दुसरा रस्ता म्हणजे मूळ दाब ठेवून सहा पॅडची सिरॅमिक-धातूमिश्रित प्लेट बसवणे. तिचा गुणांक ०.४ धरला तर क्षमता ५७६ येते. तिसरा रस्ता म्हणजे दुहेरी प्लेटचा क्लच. पृष्ठभाग चार होत असल्यामुळे, व्यास लहान म्हणजे सरासरी त्रिज्या ८५ मिलिमीटर आणि दाब केवळ ६,००० न्यूटन ठेवूनही, तो ६१२ पर्यंत जातो.

कागदावर पहिले दोन जवळपास सारखे आहेत आणि तिसरा त्यांच्या पुढे आहे. मालकांचे मन सिरॅमिककडे झुकलेले होते, कारण ती प्लेट उष्णता फार चांगली सोसते आणि स्पर्धांमध्ये वापरली जाते, हे त्यांनी ऐकले होते. ते खरेही आहे. पण ती प्लेट हळुवार धरत नाही. पॅडल वर येत असताना ज्या छोट्याशा पट्ट्यात साधा क्लच हळूहळू पकड घेतो, तो पट्टा तिथे जवळपास नसतोच, त्यामुळे गर्दीत गाडी उचलताना थरथर होते, धक्का बसतो, आणि तो टाळण्यासाठी चालक नकळत इंजिनाच्या फेऱ्या वाढवून क्लच सोडू लागतो. असे करताना ऊर्जा कशी वाढते हे वर आलेच आहे. त्यात फ्लायव्हीलचा पृष्ठभागही लवकर झिजतो. वर्षातले बरेच दिवस ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला मी ती प्लेट विनाशंका सुचवीन.

केव्हलारचाही विषय निघाला. ते लायनिंग मऊ धरते आणि टिकाऊ असते, पण त्याचा गुणांक ऑरगॅनिकच्या आसपासच असल्यामुळे क्षमतेत भर पडत नाही. शिवाय ते बसायला लांबलचक अंतर लागते आणि एकदा जास्त तापून त्यावर काचेसारखा थर आला की पूर्वीसारखे होत नाही. ज्या गाडीत घसरण हीच तक्रार आहे, तिथे ते बसवण्याचे कारण मला दिसले नाही.

दुसऱ्या भेटीला मालक पत्नीला घेऊन आले, आणि खरे बोलायचे तर निवड त्या दिवशी झाली. पत्नींना डाव्या गुडघ्याचा त्रास आहे. मी वहिनींना विचारले, “घरी पोहोचेपर्यंत क्लच किती वेळा दाबावा लागतो?” त्यांनी हसून टाळले नाही, पुढच्या दिवशी मोजून फोनवर आकडा कळवला. पन्नास मिनिटांच्या एका फेरीत त्यांनी क्लच २१२ वेळा दाबला होता.

आम्ही पॅडलच्या रबरावर ताणकाटा अडकवून जोर मोजला. मूळ क्लचला सर्वाधिक ११ किलोचा जोर लागत होता. पॅडलचा जोर दाबाच्या अगदी प्रमाणात वाढतोच असे नाही, प्रेशर प्लेटला दाब देणाऱ्या डायफ्रॅम स्प्रिंगच्या घडणीवर तो बराच अवलंबून असतो, तरी अंदाजासाठी तीस टक्के वाढ धरली तर तो १४ किलोच्या थोडा वर जातो. दर दाबाला तीन किलोंहून अधिक जादा, असे २१२ वेळा म्हणजे एका फेरीत सुमारे ७०० किलोंचा जादा भार त्या गुडघ्यावर येणार होता. शिवाय लायनिंग झिजत जाते तसे डायफ्रॅम स्प्रिंगची पाकळी वर सरकते आणि साधारणपणे पॅडल आणखी जड होते, म्हणजे नव्या क्लचला जो जोर मोजला तो सर्वांत हलका म्हणायचा. हा जोर गाडीलाही सोसावा लागतो. पॅडल दाबलेले असताना तोच जोर कित्येक पटींनी वाढून, क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगमार्फत क्रँकशाफ्टचा रेटा पेलणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो.

मग हलक्या पॅडलचा दुहेरी क्लच का नको, असा प्रश्न वहिनींनीच विचारला, आणि तो अगदी योग्य होता. अडचण फ्लायव्हीलची होती. या गाडीत दोन वस्तुमानांचे फ्लायव्हील आहे: मध्ये लांब कमानदार स्प्रिंगा असलेल्या दोन चकत्या एकमेकींच्या सापेक्ष थोड्या फिरतात आणि इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याचा हादरा गिअरबॉक्सपर्यंत जाऊ देत नाहीत. या गिअरबॉक्ससाठी मिळणारा दुहेरी क्लच एकसंध फ्लायव्हीलसहच येतो. ते बसवले की न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीत गिअरचे दात एकमेकांवर आपटल्याचा खडखडाट ऐकू येतो, आणि क्लच दाबला की मधल्या तरंगत्या चकतीचा वेगळाच किणकिणाट. त्यात चारही पृष्ठभाग पूर्ण सुटे व्हायचे तर प्रेशर प्लेटची उचल अधिक लागते. हायड्रॉलिकमध्ये थोडी जरी हवा राहिली तरी प्लेट घासत राहते आणि गिअर पडत नाही. टॉर्क ५५० च्या पुढे असता तर हे सगळे सोसून मी दुहेरी क्लचच सुचवला असता. इथे तेवढी गरज नव्हती.

शेवटी मी दोघांपुढे अशी सूचना ठेवली की क्लच वाढवतानाच इंजिनाचा टॉर्क थोडा उतरवावा. रीमॅप करणाऱ्याशी बोलून टॉर्कचा आलेख मागवला, तेव्हा दिसले की ४६० चा कळस २,६०० ते ३,४०० फेऱ्यांच्या अरुंद पट्ट्यात आहे आणि ४,००० च्या पुढे इंजिन मुळातच ४३० पेक्षा कमी टॉर्क देते. कळस ४३० वर सपाट केला तर कमाल अश्वशक्तीला हातही लागत नाही, कारण ती बऱ्याच वरच्या फेऱ्यांना मिळते. ४३० ला दाब फक्त वीस टक्के वाढवून भागते: ८,६४० न्यूटनला क्षमता ५१८, म्हणजे तीच वीस टक्के शिल्लक, आणि तापल्यावर गुणांक ०.२७ झाला तरी ४६७ उरते. पॅडल १४ ऐवजी १३ किलोंच्या आसपास राहते. मालकांना ३० न्यूटन-मीटर परत द्यायला जड गेले, आणि मी ते समजू शकतो. ते टॉर्क मिळवण्यासाठी त्यांनी पैसे मोजले होते आणि गाडीवर त्यांचे मनापासून प्रेम आहे. पण आलेख दोन दिवस जवळ ठेवून त्यांनी होकार कळवला. २,००० फेऱ्यांच्या खाली टॉर्क ३२० वर मर्यादित करायलाही ते तयार झाले, कारण कमी फेऱ्यांवर जोर दिला की दोन वस्तुमानांच्या फ्लायव्हीलच्या स्प्रिंगा सर्वाधिक दबतात आणि शेवटपर्यंत जाऊन आपटतात.

क्षमता आणखी वाढवून ठेवली तर काय बिघडते, हा प्रश्न जवळपास प्रत्येक मालक विचारतो. क्लच काही प्रमाणात फ्यूजचे काम करतो. पहिल्या गिअरमध्ये चाकांना अचानक पकड मिळाली किंवा पाय पॅडलवरून सटकला, तर बेताची शिल्लक असलेला क्लच क्षणभर घसरून धक्का गिळतो. क्षमता दुप्पट ठेवली तर तोच धक्का गिअरच्या दातांवर, डिफरन्शियलवर आणि ड्राइव्हशाफ्टच्या जोडांवर जातो. जळलेली प्लेट बदलणे हे तुटलेल्या गिअरबॉक्सपेक्षा फार लहान काम आहे.

गिअरबॉक्स उतरवल्यावर जे दिसले ते नोंदवण्याजोगे आहे. प्लेटचे लायनिंग काळसर आणि आरशासारखे चकाकत होते, नख फिरवले तर ते निसटून जात होते. जाडी मात्र अजून निम्म्याहून अधिक शिल्लक होती आणि रिव्हेटची डोकी बरीच खोल होती. म्हणजे प्लेट झिजलेली नव्हती, जळलेली होती. फ्लायव्हीलवर निळे-जांभळे डाग वर्तुळात उमटले होते आणि दोन ठिकाणी केसासारख्या बारीक भेगा होत्या. फ्लायव्हीलचा मागचा भाग हाताने फिरवला तेव्हा तो नव्या भागापेक्षा बराच सैल फिरत होता, आणि कडेला ग्रीस बाहेर आल्याची रेघ होती. त्यामुळे फ्लायव्हीलही बदलले, मात्र त्याच गिअरबॉक्सच्या अधिक टॉर्कच्या आवृत्तीसाठी बनलेले. रिलीज बेअरिंग आणि मागचे ऑइल सील चांगले होते, तरी तेही बदलले, कारण एवढ्या भागांसाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवणे परवडत नाही. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनला, म्हणजे प्लेट ज्यांवर सरकते त्या खाचांना, ग्रीसचा अगदी पातळ हात दिला. जास्त लावले तर ते उडून लायनिंगवर येते.

पहिले ८०० किलोमीटर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा नाही आणि शक्यतो शहरातच, गिअर बदलत गाडी चालवायची, असे ठरले होते. लायनिंग आणि फ्लायव्हील यांचे पृष्ठभाग एकमेकांशी जुळायला वारंवार सौम्य घर्षण लागते. महामार्गावर एकाच गिअरमध्ये काढलेले अंतर यात धरता येत नाही, कारण तिथे क्लच घासतच नाही.

दुसऱ्या आठवड्यात एक अडचण उभी राहिली. गर्दीत अर्धा तास गेल्यावर रिव्हर्स टाकताना कर्र आवाज येऊ लागला. थंड गाडीत तो नव्हता. वाढलेल्या दाबामुळे हायड्रॉलिकमध्ये तेलाचा दाबही वाढला होता, आणि मास्टर व स्लेव्ह सिलिंडर (क्लचच्या बाजूचा, प्लेट सोडवणारा सिलिंडर) यांच्यामधली रबरी नळी तापून मऊ झाली की त्या दाबाने किंचित फुगत होती. फुगण्यात गेलेले तेल स्लेव्ह सिलिंडरपर्यंत पोहोचत नसे, उचल थोडी कमी पडे आणि प्लेट पूर्ण सुटत नसे. पोलादी जाळीची नळी बसवून, नवे तेल भरून सगळी हवा काढल्यावर आवाज थांबला. ही नळी क्लचबरोबरच बदलायला हवी होती. दाब वाढवलेल्या प्रत्येक कामात मी ती आता आधीच यादीत धरतो.

एक वर्ष आणि १४,००० किलोमीटरनंतर गाडी तपासायला आली. चौथ्या गिअरमध्ये, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर, ताशी ९० ला इंजिन ३,००० फेऱ्यांवर होते, सलग तीन वेळा घेतलेल्या नोंदींत. पॅडलचा जोर ताणकाट्यावर १३ किलोंहून किंचित अधिक भरला. वहिनींच्या मते पहिले दोन आठवडे फरक जाणवला, नंतर सवय झाली, आणि गाडी उचलताना जुन्यापेक्षा वेगळे काही वाटत नाही. मालकांच्या डोक्यात आता मोठा इंटरकूलर आहे, आणि थंड हवेबरोबर टॉर्क पुन्हा वाढणार आहे. म्हणून त्यांच्या सर्व्हिसच्या वहीत, शेवटच्या पानावर, मी ४६७ हा आकडा लिहून त्याखाली ‘फ्लायव्हीलपाशी, क्लच तापलेला असताना’ एवढेच नमूद केले आहे.